भीती मॉर्फिनची, बेफिकिरी ट्रॅमाडॉलची

पाठदुखीसाठी किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याला लिहून दिलेल्या गोळ्यांचे पाकीट एकदा उजेडात धरून पाहावे. त्यातील घटकांत ‘ट्रॅमाडॉल’ हे नाव असेल, तर आपल्या हाती अफूच्या कुळातले औषध आहे. ते प्रयोगशाळेत तयार होते खरे, परंतु मेंदूत जाऊन वेदनेची जाणीव बोथट करण्याचे त्याचे कार्य मॉर्फिनसारखेच असते. वैद्यकीय सल्ल्याविना ते घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना पाकिटावर लाल चौकटीत छापलेली असते. ती इतक्या बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते, की सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना ती दिसावी तरी कशी?

आपल्या घरांतून या औषधांविषयी एक विचित्र उलटापालट आढळते. कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवले, की ‘आता शेवट जवळ आला’ अशा समजुतीने नातेवाईक गोळी टाळू लागतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. ट्रॅमाडॉलची गोळी मात्र शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून उसनी आणली जाते.

मॉर्फिनच्या दुर्मिळतेला कायद्याचाही हातभार लागला. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची कटकट एवढी वाढली, की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने ही वाट काहीशी सुकर केली. ट्रॅमाडॉल मात्र अनेक वर्षे सहज मिळत राहिले. 2018 मध्ये तेही याच कायद्याच्या कक्षेत आले.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेत, वेदनाशमनाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत व वेळेवर दिलेले मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. निजणे, जेवणे, नातवाशी दोन शब्द बोलणे पुन्हा शक्य करते. काही आठवड्यांनी शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी थांबवल्यास घाम, अस्वस्थता, जुलाब असा त्रास होतो. हे व्यसन नव्हे. मात्रा हळूहळू उतरवल्यास हा त्रास बहुतांशी टळतो. सुरुवातीची मळमळ व गुंगी थोड्या दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासूनच सारक औषध मागून घ्यावे. नुसत्या इसबगोलावर विसंबू नये. पाणी कमी प्यायले गेल्यास त्याने मळ अधिकच अडतो. रुग्णाचे मूत्रपिंड दुबळे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण अशा वेळी मॉर्फिनचे अंश शरीरात साचत जातात.

आता ट्रॅमाडॉलकडे वळू. आपल्यापैकी अधिक घरांत तेच असते. पंचाहत्तरीनंतर ते शरीरातून उशिरा बाहेर पडते. आजी रात्री लघवीसाठी उठतात, डोके गरगरते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. दुखणे थांबवायला घेतलेली गोळी अशी अंथरूण धरायला लावते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. ज्यांना फिट येतात त्यांचा धोका वाढतो, आणि नैराश्यावरील काही औषधांशी त्याचे मुळीच जमत नाही. ही गोळी बहुधा पॅरासिटॅमॉलसह येते. तापासाठी घरातली वेगळी पॅरासिटॅमॉल घेतली, तर मात्रा नकळत वाढून यकृतावर ताण येतो. सर्वांत घातक जोड झोपेच्या गोळीची आणि मद्याची. त्यांच्यासोबत अफूवर्गीय औषध घेतले, की श्वास मंदावत जातो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. तेही याच कुळातले, हे ध्यानात असू द्यावे. वेगवेगळ्या डॉक्टरांची सर्व औषधे एका पिशवीत घालून दर भेटीला नेणे, हा यावरचा साधा व भरवशाचा उपाय आहे.

दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देऊ नये, कारण दिवसभराची मात्रा एकदम अंगात उतरते. फेंटॅनिलचा पॅच साधारणतः 72 तासांनी बदलतात. त्यावर शेक घेतल्यास किंवा ताप चढल्यास औषध वेगाने शोषले जाते. जुना पॅच काढल्याविना नवा लावू नये. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरते, म्हणून तो चिकट बाजू आत दुमडून, नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकावा.

रुग्ण हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास अगदी संथ झाला असेल किंवा घरघर लागली असेल, तर ‘गाढ झोप लागली’ असे मानून थांबू नये. त्यास कुशीवर वळवावे व 108 क्रमांकावर फोन करावा. नॅलॉक्सोन हा या औषधांवरचा उतारा आहे आणि तो डॉक्टरांनी वेळेत देणे आवश्यक असते. अंगावर पॅच असेल तर काढून ठेवावा, आणि घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे रुग्णासोबत न्यावीत.