उतरलेल्या खोलीतील नुकसान आणि भरपाईचा न्याय

नालवडी कृष्णराज वडियार यांनी 1921 मध्ये व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी बांधायला घेतलेला म्हैसूरचा ललितमहाल 1974 मध्ये हॉटेल झाला, आणि जेथे पूर्वी केवळ राजअतिथी उतरत, तेथे भाडे भरणाऱ्या सामान्य प्रवाशालाही प्रवेश मिळाला. अशा प्रासादातील शिसवी मेज असो, की दसऱ्याच्या गर्दीत महत्प्रयासाने मिळालेल्या साध्या लॉजमधील आरसा असो, अनवधानाने वस्तू फुटली वा डागाळली, म्हणजे महाराष्ट्रातून सहकुटुंब आलेल्या गृहस्थापुढे एकच प्रश्न उभा राहतो : याचे पैसे आपल्याकडून वसूल होतील काय, आणि किती?

सामान्य रिवाज असा की, फुटलेला पेला किंवा चादरीवरचा चहाचा डाग यांची फारशी दखल घेतली जात नाही. परंतु टीव्हीचा तडकलेला पडदा, इस्त्रीने जळालेली गादी, मेंदीने वा केसांच्या कलपाने कायमचा रंगलेला पांढरा टॉवेल यांची रक्कम बिलात येते किंवा अनामतीतून वळती होते. या वसुलीला कायद्याचा आधार आहे, तशीच मर्यादाही आहे.

पहिली मर्यादा कसुराची. सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी, ही 1872 च्या भारतीय करार कायद्याने कलम 151 मध्ये निक्षेपासाठी, म्हणजे दुसऱ्याची वस्तू काही काळ ताब्यात घेण्याच्या व्यवहारासाठी, सांगितलेली कसोटी येथेही मार्गदर्शक ठरते. म्हणून नीट बसले असता मोडलेली जीर्ण खुर्ची किंवा आपोआप निखळलेला नळ यांचा भार प्रवाशावर टाकणे अन्याय्य होय. नित्य वापराची झीज भाड्यातच अंतर्भूत असते.

दुसरी मर्यादा रकमेची. दराचा तक्ता भिंतीवर लावला, एवढ्याने त्यातील प्रत्येक आकडा वसूलपात्र ठरत नाही. करारात दंड लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळावी, असे त्याच कायद्याचे कलम 74 सांगते, आणि मुळात तोटा झालेलाच नसेल तर हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ खटल्यात स्पष्ट केले. कित्येक वर्षे वापरलेल्या गादीसाठी नव्या गादीची पूर्ण किंमत मागणे यास्तव समर्थनीय नाही. मालमत्तेच्या हानीची भरपाई हे सेवेचे मोल नव्हे, हेही केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात नमूद आहे. तेव्हा अशा रकमेवर जीएसटी आकारला असल्यास त्याचे कारण अवश्य विचारावे.

खोली ताब्यात घेतानाच पूर्वीचे डाग व तडे मॅनेजरच्या निदर्शनास आणून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि आपल्या हातून काही मोडले तर चेक-आउटची वाट न पाहता स्वतः होऊन सांगावे. दडवलेले नुकसान उघडकीस आले म्हणजे साध्या अपघातालाही लबाडीचे रूप येते. मागणी अवाजवी वाटल्यास दुरुस्तीचे बिल व वस्तूचे वय विचारावे, पैसे देणे भाग पडले तर हरकत लेखी नोंदवून पावती घ्यावी आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे म्हैसूरच्या व्यवहाराची फिर्याद पुण्याचा रहिवासी पुण्यातच दाखल करू शकतो.

हॉटेलवाल्याला त्याचा खरा तोटा भरून मिळावा, आणि प्रवाशाला त्याहून एक रुपयाही अधिक द्यावा लागू नये, एवढीच या न्यायाची अपेक्षा आहे.