तापीकाठी डीएनएचा पीळ

माझं माहेर बेळगावचं, सासर बुऱ्हाणपूरचं. माहेरी मराठी-कन्नड, इकडे मराठी, हिंदी आणि उर्दू. दोन लिपींची सोबत काही सुटली नाही. इथल्या जामा मशिदीत तर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे! मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. डीएनएची रचना शिकवताना या दुहेरी मजकुराचा दाखला मी हटकून देते, तो डीएनए तसा नसतो हे सांगायला.

मुलांना वाटतं, डीएनएचे दोन पेड म्हणजे एकच मजकूर दोनदा लिहिलेला. तसं नाही. मूर्ती आणि तिचा साचा असं ते नातं आहे. चारच अक्षरं: ए, टी, जी आणि सी. एका पेडावर ए असेल तर समोर टीच येणार, जी असेल तर सीच. ए आणि जी आकाराने मोठे, टी आणि सी लहान. मोठ्यासमोर लहान आल्यामुळे शिडीची रुंदी सगळीकडे सारखी राहते, सुमारे दोन नॅनोमीटर. ए आणि टी, तसेच जी आणि सी समप्रमाणात असतात हे एर्विन चारगाफ यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत १९५२ साली क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्रात पीळ दिसला, आणि १९५३च्या एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी हे सारं जुळवून दाखवलं. फ्रँकलिन १९५८ साली वयाच्या ३७व्या वर्षी गेल्या. १९६२चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. इथे मुली हमखास चिडतात. मी चिडू देते.

बुऱ्हाणपूर म्हणजे केळीचं गाव, त्यामुळे केळ्याचा प्रयोग टळत नाही. पिकलं केळं कुस्करायचं, त्यात मिठाचं पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण घालायचा, गाळायचं आणि वरून बर्फात गार केलेलं स्पिरिट हळूच सोडायचं. दोन्हींच्या मध्ये पांढरे तंतू जमतात. मुलं खूश! पण त्या गोळ्यात पेशीतलं इतरही बरंच काही असतं, आणि पीळ तर त्यात मुळीच दिसत नाही. रचना कळायला हा प्रयोग निरुपयोगी आहे, हे माझं मत मी वर्गात स्पष्ट सांगते. नंतर केळी खातो.

रचना कळते ती पटांगणात. गावात यंत्रमाग घरोघरी, तेव्हा सुताला तोटा नाही. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, गळ्यात अक्षरांच्या चिठ्ठ्या. ए-टीमध्ये दोन धागे, जी-सीमध्ये तीन, कारण खरे बंधही तेवढेच. (मुलामुलींनी हात धरण्यावरून होणारी कुजबुज धाग्यांमुळे वाचते, हा आणखी एक फायदा.) एका रांगेने तापीकडे तोंड करायचं, दुसरीने पाठ, दोन्ही पेड उलट दिशांनी जातात ते असे. पीळ उजवा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. पाठ्यपुस्तकाबाहेरची चित्रं पुष्कळदा उलटी असतात, म्हणून मी खिशात स्क्रू ठेवते. एका वेढ्यात साधारण दहा जोड्या.

मग धागे सोडायला सांगते. रांगा दूर होतात, आणि बाजूला बसलेल्या मुलांनी प्रत्येक रांगेसमोर आपापली जागा शोधायची. कुणालाही विचारावं लागत नाही. समोरची चिठ्ठीच जागा सांगते. दोन मिनिटांत एकाच्या दोन शिड्या तयार. पेशी दुभंगताना हेच घडतं.

गेल्या वर्षी सिकलसेलही असाच शिकवला. आमच्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांना हे नाव घरातून माहीत असतं. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी जीएजी असतं, तिथे जीटीजी होतं. पटांगणात त्यासाठी एवढंच करावं लागलं: मधल्या ए आणि टी या दोघांनी आपसात जागा बदलल्या. धागे दोनच राहिले, रुंदी तीच, पीळ तोच. लांबून काही कळेना. पण त्या एका अदलाबदलीने प्रथिनातला एक घटक बदलतो, आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे आईकडून येतं ना? घरी सगळे आईलाच बोलतात." तिच्या धाकट्या भावाला हा आजार आहे.

मी दोन शिड्या उभ्या केल्या, एक आईकडची, एक वडिलांकडची. एकीतच बदल असेल तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. आजार व्हायला दोन्हींत बदल लागतो, म्हणजे वाटा दोघांचा. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणी चारांत एक शक्यता आजाराची, दोन वाहक होण्याच्या, एक पूर्ण निर्दोष असण्याची. हे कळायला रक्ताची तपासणी पुरते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडची कार्डं पाहावीत, एवढं मी मुलांना आवर्जून सांगते.

तास संपल्यावर त्या मुलीने चार चिठ्ठ्या आणि थोडं सूत मागून घेतलं. वडिलांना आणि आजीला दाखवायचं म्हणाली. आजीला हिंदी येत नाही, तेव्हा तिला बारेलीत कसं सांगायचं, याचा विचार करतच ती बसमध्ये चढली.