पाच मिलीवॅटचा हिशेब

झिरोचा एलईडी बल्ब साधारण अर्धा वॅट वीज खातो. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायच्या लेझरमधून ५ मिलीवॅट प्रकाश निघतो, म्हणजे त्या अर्ध्या वॅटचा शंभरावा भाग. "मामा, झिरोच्या उजेडात आपण झोपतो, मग याचा एवढा बाऊ कशाला?" छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर भाच्याने विचारलं, तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला आकडा निघाला तो नुसताच दिपवणारा: ५ मिलीवॅट हिरव्या प्रकाशात दर सेकंदाला सुमारे १३ हजार लाख कोटी प्रकाशकण असतात. पण असे आकडे झिरोच्या बल्बचेही निघतात. विचारायचं ते हे, की एवढा प्रकाश केवढ्या जागेवर पडतो?

तुलनेला सूर्य घेऊ. भर दुपारचं ऊन दर चौरस मिलिमीटरला जवळपास १ मिलीवॅट पडतं. उन्हात डोळ्याची बाहुली आकसून २ मिलिमीटरची झाली, की सूर्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यात ३ मिलीवॅट शिरतात. लेझरपेक्षा कमीच की! पण सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर त्याची प्रतिमा ०.१६ मिलिमीटरची उमटते. लेझरचा किरण मात्र जवळजवळ समांतर येतो आणि डोळ्याचं भिंग त्याला २० मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या पाव जाडीच्या ठिपक्यात गोळा करतं. भागाकार केला तर त्या ठिपक्यावरचा मारा सूर्याच्या सुमारे शंभरपट भरतो. शिवाय रात्री बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते. किरणाला दार सताड मोकळं.

म्हणून भाषणात, वर्गात फळ्यावर बोट दाखवायच्या लेझरला १ मिलीवॅटची मर्यादा सांगतात. लख्ख उजेड आला की पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्या वेळात इजा होत नाही, असा तो हिशेब.

यात प्रकाशाच्या जातीचाही वाटा आहे. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सी. कुमार एन. पटेल यांनी बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर बनवला. तो पत्रे कापतो, पण त्याचा किरण डोळ्याच्या बाहेरच्या थरातल्या पाण्यातच जिरतो. जाळेल तर पुढचा भाग जाळेल. मागच्या पडद्यापर्यंत पोचणार नाही. खिशातला हिरवा लेझर मात्र थेट आत जातो. पोलाद कापणाऱ्याला जिथं वाट नाही, तिथं खेळणं पोचतं.

आता अंतर. किरण दर किलोमीटरला साधारण १ मीटर फुगतो. त्यामुळे ५ मिलीवॅटच्या लेझरने पापणी मिटण्याआधी पडद्याला इजा व्हायचा धोका सुमारे १६ मीटरपर्यंत असतो. सोळा मीटर म्हणजे समोरची गच्ची. तोच किरण चंद्रावर रोखला तर तिथं त्याचं वर्तुळ ३८४ किलोमीटरचं होईल; इथून मुंबई गाठली तरी रस्ता त्याहून कमी पडतो. तिथं कुणाला काही कळणार नाही.

समोरची गच्ची आणि चंद्र यांच्या मधे विमान येतं. चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि उस्मानपुरा तिच्या पश्चिम टोकापासून सहाएक किलोमीटरवर, जवळजवळ तिच्याच रेषेत. पश्चिमेकडून नेहमीच्या ३ अंशांच्या उताराने सरळ येणारं विमान इथं सव्वातीनशे मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवर किरणाचं वर्तुळ ३२ सेंटिमीटरचं होतं आणि दर चौरस सेंटिमीटरला ६ मायक्रोवॅट पडतात. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळाभोवती १८.५ किलोमीटरच्या पट्ट्यात घातलेली मर्यादा ५ मायक्रोवॅटची आहे. पेनाएवढ्या खेळण्याने ती ओलांडली.

यात वैमानिकाचा डोळा जळत नाही. डोळे दिपतात, काचेवरच्या बारीक ओरखड्यांमुळे सगळी काच हिरवी होते आणि नंतर काही सेकंद नजरेसमोर डाग राहतो. विमान सेकंदाला ७० मीटर जातंय आणि चाकं टेकायला जेमतेम दीड मिनिट उरलंय. आठ किलोमीटरवरून, अगदी चिकलठाण्यातूनही, तो ठिपका ऐन भरातल्या शुक्रापेक्षा चारशेपट तेजस्वी दिसेल. लेझर शंभरपट जोरदार घेतला तर ही सगळी अंतरं दहापट होतात, सोळा मीटरचे एकशेसाठ.

अमेरिकेत २०२३ साली विमानांवर लेझर रोखल्याच्या १३,३०४ तक्रारी नोंदल्या गेल्या, दिवसाला छत्तीस. तिथं २०१२ पासून या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांत वैमानिकाला चकवणाऱ्या फसव्या दिव्यांची तरतूद आहे. लेझर जन्मला १९६० साली. मुंबईत विमानतळाच्या परिसरासाठी पोलीस वेळोवेळी लेझरबंदीचे आदेश काढतात.

मिरवणुकांचं प्रकरण वेगळ्याच मापाचं. तिथले लेझर वॅटमध्ये मोजतात. ५ वॅटचा म्हणजे भाच्याचे हजार लेझर एकत्र. तिथं पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. २०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापूर, पुण्याकडे तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात असे झोत बंद केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात पोचली, तेव्हा यासाठी वेगळा कायदाच नसल्याचा मुद्दा पुढे आला आणि याचिकाकर्त्यांना सरकारकडे दाद मागायला सांगण्यात आलं.

हा सगळा हिशेब मी ५ मिलीवॅट खरे धरून केला. अमेरिकेच्या मानक संस्थेने १२२ लेझर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालांपैकी ४४ टक्के तिथल्या नियमात बसले नाहीत. स्वस्त हिरव्यांत तर आतला न दिसणारा अवरक्त किरण गाळायची काचच नसते. तो बाहेर येतो, पडद्यापर्यंत जातो, आणि दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही.

भाच्याच्या लेझरवर "५ मिलीवॅटपेक्षा कमी" अशी चिठ्ठी आहे. त्याने विचारलं, "मग हा खरा कितीचा?" ते मोजायचं यंत्र घरात नव्हतं. सेल काढून रिमोटमध्ये घालून बघितले, पण बसले नाहीत. ते बटणसेल निघाले.