दुबार विक्री आणि 'ताबा' या शब्दाचा अर्थ

एकच जमीन दोघांना विकली गेली म्हणजे न्यायालयापुढे जो वाद येतो, त्याचे मूळ पुष्कळदा एका क्रियापदात सापडते. विसार घेतल्यावर शेतकरी 'जमीन विकली' म्हणतो आणि खरेदीखत नोंदवल्यावरही तेच म्हणतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाला मात्र ही विधाने भिन्न वाटतात. कलम ५४ अन्वये साठेखताने जमिनीत हितसंबंध निर्माण होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत खतानेच होते.

दोघांजवळही खरेदीखत असेल तर उत्तर फारसे अवघड नाही. कलम ४८ प्रमाणे आधीचे खत वरचढ. विकणाऱ्याजवळ दुसऱ्यांदा देण्याजोगे काही उरलेलेच नसते. खत विलंबाने नोंदले गेले तरी १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार ते सामान्यतः लिहून दिल्या दिवसापासून अमलात येते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही हाच विचार आढळतो. इतर वादांत नंतरची क्रिया बलवत्तर, परंतु गहाण, प्रतिग्रह व क्रय यांत पूर्वीची.

खरी गुंतागुंत, पहिल्याजवळ साठेखत आणि दुसऱ्याजवळ खरेदीखत असते तेथे. दुसऱ्याने सद्भावनेने, मोबदला चुकता करून आणि पहिल्या कराराची जाणीव नसताना जमीन घेतली असेल तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम १९ त्याला संरक्षण देते. एरवी पहिल्याचा करार त्याच्यावरही बंधनकारक होतो. अशा वेळी विक्रेत्याने खत करून द्यावे व नंतरच्या खरेदीदाराने त्यात सामील व्हावे, असे हुकूमनाम्याचे स्वरूप सर्वोच्च न्यायालयाने लाला दुर्गाप्रसाद विरुद्ध लाला दीपचंद या खटल्यात ठरवून दिले.

मग 'जाणीव' कशाने सिद्ध होते? येथे ताबा पुढे येतो. जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे, त्याच्या हक्काची जाणीव घेणाऱ्याला होतीच, असे कायदा गृहीत धरतो. म्हणजे पहिल्याने नांगर धरला असेल तर बांधावर जाऊन चौकशी न करणारा 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू शकत नाही. ताबा येथे निव्वळ उपभोग नसून इतरांनी वाचावयाचे एक चिन्ह ठरतो. (साठेखतात 'ताबा आजच दिला' असे लिहून विकणाराच शेत कसत राहिला, तर ते वाक्य केवळ वाक्यच असते.)

शब्दांचा इतिहासही याला पोषक आहे. अरबीतून आलेल्या 'कब्जा'त मुठीत धरण्याचा अर्थ आहे, 'ताबा'त अधीनतेचा, तर संस्कृत 'भुक्ती'त उपभोगाचा. हा तिसरा अर्थ सातबारा उताऱ्यातील 'भोगवटादार' या शब्दात अद्याप जिवंत आहे. मात्र त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. स्मृतिकारांनी आगमाला, म्हणजे हक्काच्या मूळाला, सामान्यतः भुक्तीहून श्रेष्ठ मानले, पण जेथे थोडीही भुक्ती नाही तेथे आगमही दुबळा, असेही बजावले. आजचा कायदा इतका कठोर नाही. ताबा न मिळालेल्या पहिल्या खरेदीदाराचे स्वामित्व त्यामुळे लोपत नाही. दुसऱ्याचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षांच्या आत त्याने दावा लावला पाहिजे, इतकेच. साठेखतावर ताबा घेतलेल्याला कलम ५३-अ चा बचाव मिळतो खरा. परंतु २००१ च्या दुरुस्तीनंतर केलेले साठेखत नोंदणीकृत नसेल तर तोही मिळत नाही.