साफसफाईला माणसं बोलवावीत का? परवडतं का?

मी तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईंनी विषय काढला. त्या म्हणाल्या, "पुण्यात म्हणे घर झाडायलासुद्धा कंपनी येते, आणि पाच-सहा हजार घेऊन जाते. लोकांना पैसे जड झालेत का?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर वाटलं, आपण हसायला नको होतं. कारण आठच दिवसांपूर्वी मी स्वतः असं एक बिल भरून आले होते. म्हणून आज त्याचाच हिशोब तुमच्यापुढे मांडते.

माझी आत्या पुण्याला नारायण पेठेत राहते. केसरीवाड्यापासून पाच मिनिटांवर एक जुना वाडा आहे, त्यात तळमजल्यावर तिच्या वाट्याच्या तीन खोल्या. वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खाली बारीक माती झरते. खाली शहाबादी फरशी. मागची खोली तिने एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या दोन मुलींना भाड्याने दिलीय. त्या भाड्यावरच तिचं घर चालतं.

आत्याचं वय सहासष्ट. गेल्या वर्षी घट बसायच्या आधी ती जळमटं काढायला स्टुलावर चढली आणि पडली. मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, औषधं मिळून आठ हजार गेले. दीड महिना डबा बाहेरून आणावा लागला, तो खर्च वेगळा. आम्हाला तिने चार दिवस कळवलंच नाही. का, तर म्हणे, "घर झाडताना पडले हे सांगायची लाज वाटली."

यंदा ती पुन्हा शिडी शोधायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "आत्या, माणसं बोलवू." ती म्हणाली, "मी काय अंथरुणाला खिळलेय? आपलं घर परक्यांकडून घासून घ्यायचं?" बराच वाद झाला. शेवटी ती एका अटीवर तयार झाली. ती माणसं काम करत असताना मी तिथे थांबायचं.

बिलात काय होतं?

सकाळी नऊला तिघं आली. दोन मुलगे आणि साधारण माझ्याच वयाच्या एक ताई. सोबत व्हॅक्यूमचं मशीन, घडीची शिडी, घासण्या आणि बाटल्या. दुपारी तीनपर्यंत काम चाललं. कडीपाटाच्या फटींतली धूळ मशीनने ओढून काढली. पंखे, ट्यूब, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा तेलकट थर, मोरी, संडास, सगळं झालं. बिल ५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०० रुपये. एकूण ५,९००.

आता आपण गटात करतो तसा हिशोब करू. तीन माणसं, सहा तास, म्हणजे अठरा तासांचं काम. कर सोडला तर एका माणसाच्या एका तासाला पावणेतीनशेच्या वर पैसे पडले. मी त्या ताईंना हळूच विचारलं, "तुम्हाला किती मिळतात?" त्या म्हणाल्या, "दिवसाचे सातशे." तिघांचे झाले २,१००. उरलेले २,९०० मशीन, साहित्य, येणं-जाणं, ऑफिस आणि मालकाचा नफा यांत गेले.

मग हे महाग आहे का? गेल्या वर्षीच्या प्लास्टरपुढे नाही. पण सगळंच काम त्यांच्याकडून करून घ्यायची गरज होती का? तर तीही नव्हती. माझं म्हणणं असं की "परवडतं का" हा प्रश्न अख्ख्या घराबद्दल विचारायचा नाही. एकेका कामाबद्दल विचारायचा.

तीन प्रकारची कामं

पहिला प्रकार उंचावरच्या आणि जड कामांचा. छत, पंखे, माळा, उंच खिडक्या, कपाटं हलवणं, वर्षानुवर्षं साचलेला थर. इथे पडण्याची, पाठ धरण्याची भीती असते आणि शिडी, मशीन लागतं. अशा कामाला पैसे द्यावेत. वय झालेलं असेल, बाळंतपण झालेलं असेल, गुडघे-कंबर दुखत असेल, तर हात आखडता घेऊच नये. आपण पिंपावर पाटा ठेवून त्यावर चढतो, आणि पडलो की दवाखान्याचा खर्च होतोच.

दुसरा प्रकार रोजच्यासारख्या, पण जास्तीच्या कामांचा. डबे घासणं, पडदे धुणं, फरशी घासणं. आत्याकडे भांडी-फरशीला मावशी येतात. कंपनीची माणसं पाहून त्या जरा नाराजच झाल्या. म्हणाल्या, "खालचं सगळं मी आणि माझ्या सुनेने दोन दिवसांत केलं असतं. हजार-बाराशे दिले असते तरी चाललं असतं." त्यांचं बरोबर होतं. जी बाई रोज आपल्या घरात राबते, तिला हे काम आधी विचारावं, आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. "दिवाळी आहे, जरा जास्तीचं करा" असं म्हणून पगारातच उरकून घेऊ नये.

तिसरा प्रकार निवडानिवडीचा. कुठला डबा ठेवायचा, कुठली साडी द्यायची, कुठली कागदपत्रं जपायची, हे कोणतीही कंपनी करू शकत नाही. हे काम माणसं यायच्या आधी आपण करायचं. आम्ही ते केलं नव्हतं. त्यामुळे पहिला पाऊण तास ती तिघं आत्याची बोचकी इकडून तिकडे ठेवत होती, आणि त्या वेळेचे पैसे आम्ही भरत होतो.

पुढच्या वर्षी आम्ही काय करणार ते सांगते. निवडानिवड आत्या आणि मी करणार. खालची कामं मावशी आणि त्यांची सून. कंपनीकडून फक्त छत, पंखे, जाळ्या आणि भिंतींचा थर. बऱ्याच ठिकाणी खोलीप्रमाणे किंवा कामाप्रमाणे दर मिळतो. तो विचारावा लागतो, आपणहून कोणी सांगत नाही.

फरशीचा डाग

आता एक चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मोरीच्या उंबऱ्याजवळ एका मुलाने बिनलेबलच्या बाटलीतलं काहीतरी ओतलं. फरशी फसफसली, आणि पुसल्यावर तिथे पांढरा खरखरीत डाग राहिला. ते आम्ल होतं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कडप्पा, कोटा, संगमरवर हेही त्याच जातीचे. आम्ल चुन्याला खातं, त्यामुळे अशा फरशीवर आम्ल तर नाहीच, पण लिंबू आणि व्हिनेगरही टाकायचं नाही. साधा साबण आणि पाणी पुरतं. लिंबू वापरायचं ते नळावरच्या पांढऱ्या क्षारांना.

आत्या चिडली. तिने फोन हातात घेतला, तशा त्या ताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तक्रार करा, पण आमचं नाव घेऊ नका. आमच्या हजेरीतून कापतात." आत्या जरा थांबली. मग तिने ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, "दगडी फरशीला आम्ल चालत नाही हे तुम्ही या मुलांना शिकवलं नाही. बाटलीवर नाव नाही. चूक तुमची आहे, त्यांची नाही. त्यांचा एक रुपयाही कापलेला मला चालणार नाही." डाग अजून तिथेच आहे. आत्याने त्यावर पायपुसणं टाकलंय.

या बाबतीत आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ब्लीचिंगचं पाणी आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एक ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. दार-खिडकी उघडी ठेवा आणि एका वेळी एकच वस्तू वापरा. आणि पंख्याची तेलकट जाळी लोखंडी असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा. अॅल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते.

बोलवण्याआधी काय विचारावं?

किती माणसं येणार आणि किती तास थांबणार? कुठली कामं दरात आहेत आणि कुठली नाहीत? कर धरून एकूण किती? साहित्य कोणाचं? काही मोडलं तर भरपाई कोण देणार? ही उत्तरं फोनवर न ठेवता मेसेजमध्ये लिहून घ्यावीत. काम सुरू व्हायच्या आधी खोल्यांचे फोटो काढावेत. दागिने, पैसे, कागद कुलपात ठेवावेत. हा कोणावर संशय नाही. उद्या एखादी वस्तू आपणच विसरलो तर आळ गरिबावर येतो, तो येऊ नये म्हणून. पूर्ण पैसे काम बघून झाल्यावर द्यावेत.

घर साफ करणारी बाई

दुपारी दीडच्या सुमाराला त्या ताई माझ्याजवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, संडास वापरला तर चालेल का?" मैत्रिणींनो, तो संडास त्यांनीच तासाभरापूर्वी घासून लख्ख केला होता. सकाळी सातला घर सोडलेलं. म्हणाल्या, "बऱ्याच घरी नाही म्हणतात, म्हणून मी पाणीच कमी पिते." आत्याने ते ऐकलं. ती काही बोलली नाही. आत गेली, चहा टाकला, आणि आम्हाला ज्या कपात दिला त्याच कपात तिघांनाही दिला.

चहा पिताना कळलं की त्या ताई गावी असताना बचत गटात होत्या. आपल्यातल्याच एक. तेव्हा हा विषय "शहरातल्या श्रीमंतांचा" राहत नाही. आपल्या किती बहिणी, भावजया, लेकी पुण्यात हेच काम करतात ते आठवा.

आत्या म्हणाली, "मी लग्न होऊन आले त्याच सुमाराला इथल्या बायकांनी संप केला होता." खरं आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ हवी, आजारपणाची रजा हवी, अशा मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकाम करणाऱ्या बाईला या मंडळात नाव नोंदवता येतं. चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करावी. आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तुमच्या घरची कोणी शहरात कामाला असेल तर तिला हे नक्की सांगा.

आणि आपला गट?

बैठकीत ज्या ताईंनी प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी शेवटचा हिशोब. आपल्याकडेही मंगल कार्यालय आहे, शाळा आहे, शहरातल्या लोकांची बंद घरं आहेत. ती साफ करायचं काम गटाने घ्यायचं ठरवलं तर दर कसा काढायचा?

चार बायका, सहा तास, म्हणजे चोवीस तास. तासाला १०० रुपये धरले तर २,४००. साबण, फिनेल, घासण्या ३००. रिक्षा २००. शिडी, हातमोजे, बूट यांच्या झिजेचे २००. झाले ३,१००. त्यावर दहा टक्के गटाच्या खात्यात, ३१०. म्हणजे ३,४१० रुपये. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. याच्या खाली दर पाडून कोणी मागितला, तर तो फरक आपल्या मजुरीतून जाणार हे लक्षात ठेवायचं.

साफसफाईला पैसे पडतात हे कळलं की आणखी एक गोष्ट कळते. घरी आपण हेच काम वर्षभर करतो, आणि त्याला कोणी काम म्हणत नाही. यंदा दिवाळीआधी एकदा कागद घ्या. घर साफ करायला तुम्हाला किती तास लागले ते लिहा आणि शंभराने गुणा. पैसे कोणी देणार नाही, पण तो आकडा घरात सगळ्यांना वाचून दाखवा. आणि छताची जळमटं काढायला घरातल्या धडधाकट मुलाला शिडीवर चढवा, तुम्ही खाली उभ्या राहून शिडी धरा.

पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. भेटू. नमस्कार.