साठीनंतर काडीमोड: निकालाआधी घराचा कागद बघा

समजा, रावेर तालुक्यातल्या सावद्यात एक जोडपं आहे. तो भुसावळला रेल्वेत होता, आता निवृत्त झालाय. तिचं वय 61. मुलं नोकरीसाठी पुण्यात. दहा वर्षांपासून दोघं एकाच घरात राहतात, पण ती मागच्या खोलीत वेगळा स्वयंपाक करते. आता तिला रीतसर वेगळं व्हायचंय आणि स्वतःचं घर करायचंय.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो "या वयात कशाला?" आणि दुसरा "पोटगी किती मिळेल?" पण तिचं पुढचं आयुष्य खरं ठरतं ते तिसऱ्याच प्रश्नावर: निकाल लागेल त्या दिवशी तिच्या नावावर काय असेल?

वेगळं राहणं म्हणजे नेमकं काय?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब नुसार दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल, तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. इथे अनेकांचा गैरसमज होतो. वेगळं राहायला वेगळं घरच लागतं असं नाही. पती-पत्नी म्हणून संसार थांबला असेल, तर एकाच छपराखाली राहूनही ते 'वेगळे' ठरू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच सांगितलंय. म्हणजे मागच्या खोलीतली ती वर्षं मोजली जातात. त्यानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत कोर्ट माफ करू शकतं, हे 2017 च्या निकालाने स्पष्ट झालं. (मुस्लिम आणि ख्रिस्ती विवाहांना वेगळे कायदे लागू होतात. हा लेख हिंदू विवाह कायद्यापुरता आहे.)

एकाचा नकार असेल तर मात्र वाट लांबते. किती लांबते, हे चंदीगडच्या एका प्रकरणात दिसलं. लग्न 1963 चं, नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज 1996 चा आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल ऑक्टोबर 2023 चा. तेव्हा निर्मल सिंग पनेसर 89 वर्षांचे होते आणि पत्नी परमजित कौर 82 वर्षांच्या. 'घटस्फोटित' हा शिक्का घेऊन मरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मान्य केलं आणि घटस्फोट नाकारला.

सोशल मीडियावर तेव्हा दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. पण भावना बाजूला ठेवली तरी 'पत्नी' या शब्दाला कायद्यात पैशांची किंमत आहे, आणि ती उतारवयात वाढते.

निकालाच्या दिवशी काय जातं?

एक, वारसाहक्क. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळतो. घटस्फोटित पत्नी वारसच नसते.

दोन, पेन्शन. भुसावळची रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, जिल्हा परिषदेच्या शाळा यांमुळे या भागात पेन्शनवर चालणारी घरं भरपूर आहेत. नवऱ्यामागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन घटस्फोटित पत्नीला मिळत नाही. दरमहा पोटगी ठरली असेल आणि उद्या नवराच गेला, तर तीही अडचणीत येते.

तीन, शेत. वडिलोपार्जित केळीच्या मळ्याची वाटणी बायको स्वतःहून मागू शकत नाही. पण नवरा आणि मुलगे यांच्यात वाटणी झालीच, तर तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. ही गोष्ट तलाठी कार्यालयात कोणी आपणहून सांगेल, या भरवशावर राहू नका. घटस्फोटानंतर हाही हक्क उरत नाही.

आणि घर. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 17 मुळे पत्नीला सामायिक घरात राहता येतं. ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरीही, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलं. घटस्फोटानंतर मात्र हा हक्क डळमळतो. घटस्फोटाच्या चार वर्षं आधीच घर सोडलेल्या महिलेला या कलमाचा आधार घेता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2022 मध्ये म्हटलं. जळगाव जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. त्यामुळे रागाच्या भरात "चालले मी" म्हणून बॅग उचलण्याआधी वकिलाला भेटलेलं बरं.

मग घर आधी कसं करायचं?

घर नवऱ्याच्या स्वकष्टाचं असेल आणि तडजोड होत असेल, तर ते किंवा त्याचा एखादा भाग बक्षीसपत्राने बायकोच्या नावावर करता येतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलं, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (उपकर आणि नोंदणीचा खर्च वेगळा). ही सवलत 'पत्नी'ला आहे, 'माजी पत्नी'ला नाही. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी निकालाच्या आधी झालेली हवी. त्यानंतर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि नगरपालिकेचा उतारा, दोन्हींवर नाव लावून घ्या. सावद्याला नगरपालिका आहे, त्यामुळे 'ग्रामपंचायतीत बघू' हा सल्ला इथे चालणार नाही.

नवीन घर विकतच घ्यायचं असेल तर राज्यात महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे.

पैसे दरमहाच मिळणार असतील तर कलम 25 वाचून घ्या. कायमच्या पोटगीचा बोजा कोर्ट नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवू शकतं. या वयात एकरकमी पैसे किंवा मालमत्तेवर बोजा हे नुसत्या दरमहा पोटगीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

पंचांसमोर फारकत झाली तर?

आपल्याकडे नातेवाईक बसतात, स्टॅम्पवर फारकत लिहिली जाते, सह्या होतात. समाजाच्या बैठकीत वाद समजुतीने मिटवण्याची परंपराही खानदेशात जुनी आहे आणि अनेकदा उपयोगी पडते. पण कागदाचं काय? हिंदू विवाह कायद्याचं कलम 29(2) रूढीने होणारा काडीमोड मान्य करतं. मात्र तशी रूढी त्या समाजात पूर्वापार आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसत्या स्टॅम्पपेपरने लग्न मोडत नाही. उद्या पेन्शनच्या टेबलावर हाच कागद दोघांनाही अडचणीत आणू शकतो.

घटस्फोट न घेता वेगळं होता येतं?

येतं, आणि साठीनंतर हा मार्ग जास्त विचारात घ्यायला हवा असं मला वाटतं. कलम 10 खाली 'न्यायिक विभक्तता' मागता येते. एकत्र राहण्याचं बंधन संपतं, पण लग्न टिकतं. त्यामुळे वारसाहक्क राहतो आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्कही साधारणपणे राहतो. ज्याला पुन्हा लग्न करायचंय, त्याच्या मात्र हा उपयोगाचा नाही.

मुलांकडूनही आधार मागता येतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आई वेगळी राहत असली तरी मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. रावेर तालुक्यासाठी ते कार्यालय फैजपूरला आहे.

वकिलाच्या फीमुळे अडलं असेल तर कोणत्याही उत्पन्नाच्या महिलेला मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा किंवा 15100 वर फोन करायचा. जाताना लग्नाचा पुरावा, घराचा उतारा, सातबारा आणि नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवा.