धावपट्टी मोकळी आहे, असं कोण म्हणालं?

वरंध घाटातून कधी बाईक नेली असेल, तर हे तुम्हाला माहीत आहे. आंधळं वळण येतं, पलीकडचं काही दिसत नाही. आपण हॉर्न देतो, कान टवकारतो आणि कडेकडेने वळतो. पलीकडून हॉर्न आला नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही, असं आपण धरत नाही. कदाचित समोरच्या एसटीने दिला नसेल, कदाचित आपल्यालाच ऐकू आला नसेल.

टॉवर नसलेल्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी मुलं रोज असंच वळण घेतात, फक्त जमिनीपासून हजारेक फुटांवर.

‘टॉवर नसलेला विमानतळ’ हे ऐकून मीही आधी दचकले होते. सिनेमात पायलट काहीतरी विचारतो आणि टॉवरवरून परवानगी मिळते, एवढंच आपल्याला ठाऊक. पण अमेरिकेत लोकांसाठी खुले असलेले साधारण 5 हजार विमानतळ आहेत आणि टॉवर आहेत जेमतेम 500 ठिकाणी. बाकी सगळीकडे पायलटच एकमेकांना सांगतात, मी इथे आहे, मी आता उतरतोय. परवानगी देणारं कोणीच नसतं. आपल्याकडे कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी 200 तास उड्डाण लागतं. ते तास भरायला बरीच मराठी मुलं अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलमध्ये जातात, आणि तिथे त्यांची गाठ अशा विमानतळांशी पडतेच.

व्यवस्था तशी सोपी आहे. धावपट्टीभोवती हवेत एक काल्पनिक आयत असतो, त्याला आपल्याकडे सर्किट म्हणतात. वाऱ्याच्या तोंडावर टेक-ऑफ घ्यायचा, डावीकडे वळायचं, धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जायचं (हा डाउनविंड), पुन्हा वळून बेस आणि शेवटी सरळ रेषेत फायनल. प्रत्येक टप्प्यावर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा सांगायची. विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा घ्यायचं, कारण आजूबाजूच्या दोन-तीन विमानतळांची फ्रिक्वेन्सी एकच असू शकते. नाव ऐकू आलं नाही, तर शेजारच्या गावातलं विमान आपल्याच फायनलवर आहे असं वाटून घाम फुटतो.

मग चुकतं कुठे?

19 नोव्हेंबर 1996, इलिनॉय राज्यातलं क्विन्सी. संध्याकाळची वेळ. शिकागोहून निघालेलं 12 जणांचं छोटं प्रवासी विमान, बीच 1900, धावपट्टी 13 वर उतरायला येत होतं. तिला छेदून जाणाऱ्या धावपट्टी 04 च्या टोकाला एक किंग एअर उभं होतं. त्यात दोन पायलट होते, एक खूप अनुभवी आणि दुसरी तास जमवणारी. किंग एअरच्या मागे आपल्या नंबराची वाट बघत एक छोटं चेरोकी होतं. त्याच्या पायलटकडे फारसे तास नव्हते.

प्रवासी विमानातल्या वैमानिकांनी सगळं नियमाप्रमाणे केलं. आपण येतोय हे पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी सरळ विचारलं, किंग एअर, तुम्ही थांबताय की निघताय? किंग एअरमधून काहीच उत्तर आलं नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने. आपण थांबलो आहोत, असं तो सांगत होता. त्याच वेळी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यांत्रिक आवाज वाजला आणि चेरोकीच्या वाक्याचा थोडा भाग त्याखाली दबला. वैमानिकांना वाटलं, किंग एअरनेच थांबतो म्हटलं. त्यांनी आभारही मानले. तुमचा गैरसमज झालाय, असं सांगायला कोणीही पुन्हा बोललं नाही. किंग एअर निघालं. दोन धावपट्ट्या जिथे छेदतात तिथे दोन्ही विमानं धडकली.

दोन्ही विमानांतली सगळी माणसं, एकूण 14, गेली. प्रवासी विमानातली माणसं धडकेतून वाचली होती. पण दार उघडलं नाही, बाहेरून धावत आलेल्यांनाही ते उघडता आलं नाही, आणि आग पसरली. विमानतळावर अग्निशमन दलाचं कोणी हजर नव्हतं.

तपासात मुख्य ठपका किंग एअरमधल्या पायलटांवर आला. त्यांनी रेडिओवर नीट लक्ष ठेवलं नाही आणि दुसरी विमानं नीट शोधली नाहीत. मला मात्र चेरोकीच्या त्या उत्तरावरून पुढे जाता येत नाही. प्रोजेक्टच्या ग्रुपवर आपण विचारतो, ‘प्रिंटआउट कोण आणतंय?’ कोणीतरी ‘हो’ टाकतं. ते ‘हो’ आपल्या प्रश्नाला होतं की त्याच्या वरच्या मेसेजला, हे न बघता आपण फोन खिशात टाकतो. सबमिशनच्या दिवशी प्रिंटआउट कोणाकडेच नसतो. क्विन्सीत नेमकं हेच झालं.

म्हणून चांगले इन्स्ट्रक्टर उत्तर कोणाकडून आलं यावर अडून बसतात. विमानाचा नंबर ऐकू आला नाही, तर पुन्हा विचारायचं. तरीही शंका राहिली, तर उतरायचंच नाही. पॉवर वाढवायची आणि वर निघून जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. विद्यार्थ्यांना ती नापास झाल्याची खूण वाटते; खरं तर तिला पैसे पडतात फक्त पाचेक मिनिटांच्या इंधनाचे.

रेडिओ नीट चालला तरी सगळं निभावतं असंही नाही. 18 ऑगस्ट 2022 ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलला एक सेसना 152 सर्किटमध्ये फेऱ्या मारत होतं, आत एकटा पायलट. दुसरं, दोन इंजिनांचं सेसना 340 लांबून सरळ फायनलवर आलं, वेग त्याच्या कितीतरी पट. दोघेही बोलत होते, दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं. 152 च्या पायलटने मागचं विमान फार वेगात येतंय हे ओळखून गो-अराउंड करतो म्हणूनही सांगितलं. तेवढा वेळ उरला नव्हता. तिघे गेले. सर्किटमध्ये पाच विमानं फिरत असताना सरळ घुसायला नियमाची मनाई नाही. पण बसच्या रांगेत मधेच शिरणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच मी इथे म्हणेन.

आणखी एक गोष्ट मला या वाचनातच कळली. काही विमानांचे पंख वर असतात, काहींचे खाली. वर पंख असलेल्या विमानातून आपल्या डोक्यावरचं दिसत नाही, खाली पंख असलेल्यातून पायाखालचं. फायनलवर खाली पंख असलेलं विमान दुसऱ्याच्या बरोबर वर आलं, तर दोघेही एकमेकांना दिसत नाहीत आणि दोघेही एकाच धावपट्टीकडे उतरत राहतात. शिवाय काही जुन्या विमानांत रेडिओ नसतोच, आणि अशा अनेक विमानतळांवर तो नसणं बेकायदाही नाही. म्हणजे कानांवर विसंबून चालत नाही.

त्यामुळे धावपट्टीवर चाक टेकवण्याआधी विद्यार्थ्याला विमान थोडं तिरकं उभं करायला लावतात, फायनल आणि बेस दोन्ही नीट दिसावेत म्हणून. मग दुसऱ्या टोकालाही बघायचं. वारा पडलेला असेल तर कोणीतरी उलट दिशेनेही उतरत असू शकतं. लाइट लावायचे, आपण काय करणार ते सांगायचं, आणि धावपट्टीवर रेंगाळायचं नाही.

शिकताना शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर असतो, त्यामुळे बघणारे डोळे चार असतात. पहिल्या सोलोच्या दिवशी तो उतरतो, दार लावतो आणि बऱ्याचदा हातात छोटा रेडिओ घेऊन गवतात उभा राहतो. विद्यार्थी धावपट्टीच्या टोकाशी थांबतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. मग पुन्हा एकदा डावीकडे.